पिकलं की दाखवीन

वन्सं, तुमच्या चंद्रीच्या मानेवरचं गळू अजून पिकलेलं नाही. रोज सकाळी शेळ्यांच्या लेंड्या झाडायला गोठ्यात गेले की तिच्या कानाखाली अंगठा दाबून बघते. कडक लागतं. तुम्ही शिकवलं होतं तसं दोन्ही बाजूंनी दाबते, मधे काही हलतंय का ते बघते. काही हलत नाही. चंद्री मान सोडवून घेते आणि दाराकडे बघत उभी राहते. ती तुमची वाट बघते असं मी म्हणणार नाही. पाल्याची वाट बघत असेल. तुम्हालाही असलं लाडीगोडीचं बोलणं कधी खपलं नाही.

तुमचं तेरावं झालं. माणसं आली, जेवली, गेली. मी वाढत होते. मला रडू आलं नाही. माणसं तुम्हाला पोचवून परत आली तेव्हा नाही, दहाव्याला नाही, तेराव्यालाही नाही. मागच्या दारी भांडी घासणाऱ्या बायकांत कुणीतरी म्हटलं, नणंद गेली, भावजय सुटली. मी ऐकलं आणि आत जाऊन आमटीचं मीठ बघितलं. एरवी मी त्या बाईला तशी सोडली असती का? माझी जीभ तुम्हाला ठाऊक आहे. पण रागसुद्धा आला नाही. हातपाय काम करतात, तोंड बोलतं, पोट जेवायला मागतं. बाकी आत काही हलत नाही.

फ्लेक्स करायला तुमचे भाऊ पौडला गेले, मला बरोबर नेलं. फोटोखाली काय घालू म्हणून दुकानदाराने विचारलं. मनमिळाऊ, प्रेमळ, मायेची सावली, असं सगळं त्याच्याकडे तयार होतं. मी म्हटलं, नुसतं नाव घाल. वन्सं, तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. गावातल्या निम्म्या घरांशी तुमचा अबोला होता आणि उरलेल्या निम्म्यांना तुम्ही टोचून बोलला होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते तुमच्यासारख्यांसाठीच म्हणत असतील. पण ज्यांच्याशी अबोला त्यांच्याही घरात कुणाला गळू झालं, नखुरडं झालं, की ती माणसं मागच्या दाराने तुमच्याकडेच यायची. तुम्ही त्यांच्याशी बोलायचा नाहीत. तोंड फुगवून चुलीत कांदा भाजायला टाकायचा.

भाजलेला कांदा, हळद, तेलात शिजवलेलं गव्हाचं पीठ. फडक्यात घालून सोसवेल तेवढं गरम बांधायचं. आणि एकच कायदा: कच्च्या गळवाला हात लावायचा नाही. पिकू द्यायचं, मऊ पडू द्यायचं, मग नर्सबाईला दाखवायचं. नर्सबाई म्हणजे मी. मी काही नर्स नाही, पौडच्या डॉक्टरांकडे ड्रेसिंग करते, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. तुम्ही मुद्दाम चारचौघांत नर्सबाई म्हणायचा आणि मी लाजले की तुम्हाला बरं वाटायचं. आपल्या घरातली वाटणी अशी ठरलेली होती. पिकवायचं तुम्ही, मोकळं करायचं पौडला, आणि रोजची पट्टी माझी. माणसाचं असं, शेळीचं सगळं तुमचं तुम्हीच.

ही वाटणी कुठून सुरू झाली ते मला आठवतं. मनी झाली तेव्हाचं. ती अंगावर पीत होती आणि माझी एक बाजू दगडासारखी झाली. ताप, कापरं, ठणका असा की मनी रडायला लागली की मीच आधी रडायची. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, नजर लागली म्हणाल्या. मी लाजेने कुणाला काही दाखवलं नव्हतं. तुम्ही आत आलात, दाराला कडी घातली आणि म्हणालात, पदर काढ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही दोन अंगठ्यांनी दाबून बघितलंत आणि म्हणालात, आत पाणी हलतंय, पिकलंय, आता घरात ठिवायचं न्हाई. सासूबाई नको नको म्हणत राहिल्या. तुम्ही दुधाची जीप थांबवलीत आणि किटल्यांच्या मधे मला बसवलंत.

डॉक्टरांनी चिरलं. बाहेर काय आलं ते मी बघितलं नाही, पण ठणका त्याच क्षणी गेला आणि मला तिथेच टेबलावर झोप आली. झोपेतच तुमचा आवाज ऐकला. मनीला खांद्यावर टाकून तुम्ही डॉक्टरांना विचारत होतात, पू कसा हाय, दाट का पातळ? डॉक्टर हसून म्हणाले, चांगला दाट आहे. तुम्ही म्हणालात, मग बरी हुईल. घरी आल्यावर तुम्ही शिरा केलात. गळू मोकळं झालं की गोड खायचं, हाही तुमचाच कायदा. पुढे रोज पट्टी बदलायला मला पौडला नेत राहिलात, आणि माझी मला किळस येत नाही हे बघून डॉक्टरांनी नंतर मला कामावर घेतलं. हातातला हा धंदा तुमच्यामुळे आला, वन्सं. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, मग पगाराच्या दिवशी मटण आण.

आपलं भांडण मात्र पुरं झालं नाही. तुम्ही म्हणायचा पू म्हणजे घाण, नासलेलं रक्त. मी एकदा डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी समजावून सांगितलं तसं घरी येऊन तुम्हाला सांगितलं. तुम्ही तेव्हा एका बोकडाची मान धूत होतात. काटा रुतला, जखम झाली, की बाहेरचे जंतू आत शिरतात. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. म्हणून ती जागा लाल होते, गरम होते, सुजते. पेशी जंतूंना गिळतात, आणि गिळता गिळता स्वतः मरतात. त्या मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि तिथलं विरघळलेलं मांस, हे सगळं साठलं की त्याला आपण पू म्हणतो. शरीर त्याच्याभोवती कुंपण घालतं, म्हणजे ते पसरत नाही. पण त्या कुंपणाच्या आत औषधही नीट पोचत नाही, म्हणून वाट करून द्यावी लागते. तुम्हाला पटेना. मग मी वणव्याचं उदाहरण दिलं. वरच्या डोंगराला वणवा लागतो तेव्हा गावची माणसं हिरव्या फांद्या घेऊन झोडपायला धावतात ना, तसं. एका वर्षी तुमच्याच भुवया जळाल्या होत्या.

तुमचा हात थांबला. तुम्ही बोटावरचं बघितलंत आणि म्हणालात, "म्हंजे ही घाण न्हाई. आपलीच माणसं हायती की ही."

मी म्हटलं, तसंच समजा. त्या दिवसापासून तुम्ही नवीन खूळ काढलंत. शेळीचं गळू फोडलं की गोठ्यापासून लांब बांधाकडेला खड्डा काढून त्यात ते बोळे जाळायचे आणि वर दगड ठेवायचा, म्हणजे दुसरी शेळी चाटणार नाही, हे तुम्ही आधीपासून करत होतात. आता त्यात चिमूटभर हळद टाकायला लागलात. मी हसले की म्हणायचा, आपलीच हायती, तशीच कशी टाकायची. कांद्यावरून मात्र तुम्ही हटला नाहीत. मी म्हणायची, गुण शेकाचा आहे, शेकाने तिथे रक्त येतं, कांद्याचं काही नाही. तुम्ही म्हणायचा, मग तुजा डॉक्टर भाकरीसंगं कांदा का खातोय?

पौडच्या शिबिरात तुमची साखर निघाली. तुम्ही चहातली साखर बंद केलीत आणि तुमच्या दृष्टीने विषय संपला. गूळ चालू होता. गूळ म्हंजे साखर न्हवं, असं तुमचं म्हणणं. गोळ्या मी मिठाच्या बरणीशेजारी ठेवायची, आठवण आली तर तुम्ही घ्यायचा. साखरेने पाय मुके होतात, लागलेलं कळत नाही, रोज तळपाय बघत जा, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तळपाय बघाया मी काय नवी नवरी हाय?

मग करवंदीच्या जाळीतला तो काटा. तो टाचेत मोडला तेव्हा तुम्हाला कळलंच नाही. चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. तुम्ही ते फुशारकीने सांगितलंत, बघ, एवढा काटा आन दुखतबी न्हाई. संध्याकाळी पायाला फडकं दिसलं. मी म्हटलं, बघू. तुम्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतलात. "कच्चं हाय. पिकलं की दाखवीन."

मी पुन्हाही विचारलं होतं. पुन्हाही तेच उत्तर आलं. त्यात खोटं काही नव्हतं, आपल्या घरचा कायदाच तो होता, आणि तो आजवर कधी फसला नव्हता. तुम्ही दुसऱ्यांची गळवं बोटांनी ओळखायचा, स्वतःचं ठणक्याने ओळखायचा. ठणका लागला की समजायचं आत काम चाललंय. या खेपेला ठणका नाही, म्हणजे अजून कच्चं आहे, असा तुमचा हिशेब. बोलणाऱ्याचे हुलगे विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत. तुमचा पाय बोललाच नाही. वन्सं, मी माफी मागायला हे लिहीत नाही. मी विचारलं होतं आणि तुम्ही दाखवलं नाहीत. एवढं मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं आणि तुम्ही माझ्याशी भांडायला हव्या होतात.

त्या सकाळी तुम्ही चंद्रीला तिच्या आईच्या नावाने हाक मारलीत. ती तर कधीच विकलेली. मी कपाळाला हात लावला, चटका बसला. तुम्ही नको म्हणत असताना फडकं सोडलं. टाचेची कातडी कांद्याच्या गरम पोटिसाने भाजली होती आणि तुम्हाला तेही कळलं नव्हतं. कडा काळी पडलेली. सूज घोट्याच्या वर पोटरीपर्यंत चढलेली. मी दाबलं तर पू आला नाही. तांदूळ धुतल्यासारखं पातळ, राखाडी पाणी आलं. मी इतक्या वर्षांत किती जखमा धुतल्या असतील, मला त्या पाण्याकडे बघून कळलं. पौडला डॉक्टरांनी तुम्हाला गाडीतून उतरूसुद्धा दिलं नाही. बघितलं, झाकलं, आणि म्हणाले, थेट पुणे.

पुण्यातल्या डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल म्हणून सांगितलं. तुमचे भाऊ सही करायला गेले. तुम्ही मधेच शुद्धीवर आलात आणि मला विचारलंत, पू किती निघाला? मी सांगितलं, पू नाही.

"पू न्हाई? मग आपली माणसं आलीच न्हाईत व्हय?"

"येत्यात वन्सं. वाटंत हायती."

"मग थांबू की जरा," तुम्ही म्हणालात. मग तुम्हाला आत नेलं. नंतर तुम्ही बोलला नाहीत.

आपल्या डॉक्टरांनी मला नंतर बसवून समजावलं. साखर वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या बुजतात, नसा मुक्या होतात. ठणका लागत नाही आणि पूही नीट धरत नाही. आणि हा जंतू तर असा, की कुंपण पडायच्या आत तो मांसातून वर चढतो आणि रक्तात जातो. पू धरला असता तर वेळेवर कळलं असतं, असं ते म्हणाले. मला सगळं समजलं. समजून काय करायचं ते समजलं नाही.

पुण्याहून परत येताना गाडीत तुमचे भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुज्या घरात असून तुला कळलं न्हाई?"

तेवढंच म्हणाले. तेव्हापासून ते उरवड्याला कंपनीत जातात, येतात, जेवतात. पाणी आलं का, मोटार बंद केली का, मनीचा फोन आला होता का, एवढंच बोलणं होतं. ते वाक्य आमच्या मधे पडून आहे. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण मला त्यांचा राग यायला हवा होता आणि तोही येत नव्हता. इतक्या वर्षांचा संसार या एका वाक्यावर असाच थिजून जाणार की काय, असं मात्र वाटायचं. तेही कुणा शेजारणीच्या घरचं असावं, इतकं लांबून.

इथवर लिहून ठेवलं होतं. मग पुढे लिहावंसं वाटेना. आज चंद्रीचं पिकलं.

सकाळी बघितलं तर कानाखालचे केस गळालेले, कातडी पातळ झालेली. अंगठा दाबला, दुसऱ्या अंगठ्याला लागलं. आत हलत होतं. मी मोठ्याने म्हटलं, वन्सं, पिकलं. म्हटल्यावर माझं मलाच कसंतरी झालं. तुम्ही शेळीला गुडघ्यांत दाबून एकटीच सगळं उरकायचा, मला ते जमत नाही. रविवार होता, तुमचे भाऊ घरीच होते. मी हाक मारली. ते आले, चंद्रीची शिंगं धरून उभे राहिले.

मी हातमोजे घातले, जागा धुतली, पातं लावलं. चक्क्यासारखा घट्ट पू आला. तुमचे भाऊ तिकडे तोंड फिरवून उभे होते, त्यांना पहिल्यापासून हे बघवत नाही. तसेच तोंड फिरवून त्यांनी विचारलं, "दाट हाय का?"

मी म्हटलं, दाट हाय. ते म्हणाले, मग बरी हुईल.

तुमचेच शब्द त्यांच्या तोंडून आले. मग मी आतून धुतलं, औषध भरलं, चंद्रीला वेगळं बांधलं आणि गुळाचा खडा दिला. त्यांनी बांधाकडेला खड्डा काढला. मी बोळे टाकून पेटवले. जळून झालं तसं मी दगड शोधायला लागले, तर ते म्हणाले थांब, आणि घरात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या चिमटीत हळद होती. त्यांना हे ठाऊक आहे हे मला माहीत नव्हतं. तुम्ही दोघं बहीणभाऊ कधी काय बोलायचा हे मी कधी ऐकलंच नाही.

दगड ठेवून झाल्यावर ते ओट्यावर उन्हात येऊन बसले. मी हात धुऊन आले. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "तिनं मलाबी पाय दावला न्हाई."

मी शेजारी बसले. मग त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय माझ्यापुढे केले आणि म्हणाले, "माजं बघ." साखर त्यांनाही आहे, वन्सं. एकाच आईची लेकरं तुम्ही. इतकी वर्षं मी गावभरच्या माणसांचे पाय बघते, पण त्यांनी त्यांचे पाय कधी माझ्या हातात दिले नव्हते. बायकोने फार तर बूट पुसावेत, तळपायाला हात लावू नये, असं त्यांचं होतं.

मी दोन्ही तळवे उन्हाकडे फिरवून बघितले. भेगा होत्या, जखम नव्हती. मग कापसाची बारीक वात केली. म्हटलं, डोळे मिटा, लागलं की व्हय म्हणा. त्यांनी शहाण्या पोरासारखे डोळे मिटले. मी उजव्या अंगठ्याला वात लावली. व्हय. शेजारच्या बोटाला लावली. व्हय. तिसऱ्यालाही व्हय. त्याच्या पुढच्याला जरा थांबून, पण व्हय म्हणाले.

करंगळीला लावली. ते डोळे मिटून गप्प बसले होते. मी पुन्हा लावली, जरा दाबून लावली.

"लाव की," ते म्हणाले.

वन्सं, तेव्हा मला रडू आलं. तुम्ही गेल्यापासूनचं सगळं एकदम आलं. तुमचा तो लुगड्याखाली ओढलेला पाय, दुधाच्या जीपमधल्या किटल्या, आणि वाटेत आहेत म्हणून मी तुम्हाला सांगितलेली ती माणसं. ते डोळे मिटून माझ्या वातीची वाट बघत होते, म्हणून त्यांना दिसलं नाही. मी पदराने तोंड पुसलं, त्यांचा पाय मांडीवर ओढून घेतला आणि करंगळीला हात धरून बसले. उद्या पहिल्या एसटीने त्यांना पौडला घेऊन जाते आहे.